खाडे तिचे, भार आमच्यावर



खाडा म्हणजे काय, हे कामगाराच्या घरात पोरांना शिकवावे लागत नाही. मस्टरवर फुली पडली की त्या दिवसाचा पगार गेला. महिन्यात तीन-चार फुल्या पडल्या की किराणावाल्याच्या दुकानापुढून जाताना मान खाली घालावी लागते. आपल्या खाड्याचा हिशेब ज्याचा त्याला ठाऊक असतो. पण एकीच्या खाड्याचा भार दुसरीच्या पाठीवर पडतो तेव्हा काय होते, याविषयी आपण उघड बोलत नाही. डबा खाताना कुजबुजतो आणि घरी येऊन नवऱ्यापुढे भडाभडा बोलतो. आज त्याविषयी लिहिते आहे. या हकीकतीत माझीही चूक आहे, म्हणून लिहायला इतकी वर्षे गेली. जिची ही हकीकत आहे तिने आणि तिच्या मुलाने, दोघांनीही छापायला हो म्हटले आहे. नावे मात्र कोणाचीच देत नाही.

भांडुपच्या एका गाळ्यात औषधांची पुठ्ठ्याची खोकी तयार होतात. तिथे मी चिकटवणीच्या टेबलावर आहे. सगळी मिळून तीसेक माणसे, आणि आमच्या टेबलावर आठ बायका. छापून, कापून आलेला पुठ्ठा घ्यायचा, घडी मारायची, खळ लावायची, दाबायचे, शंभर मोजून गठ्ठा बांधायचा. दिवसाचा आकडा ठरलेला असतो. टेबलावर आठ जणी असोत की सात, आकडा बदलत नाही.

आठातली एक टिटवाळ्याहून यायची. साताऱ्याकडची, आपल्या समाजाची नव्हे. तिला सगळ्या वहिनी म्हणायच्या. हात इतका चालायचा की आमचा एक गठ्ठा होईपर्यंत तिचा सव्वा व्हायचा. बोलणे कमी. २०२१ च्या एप्रिलअखेर तिचा नवरा करोनाने गेला. पंधरा दिवसांनी ती परत कामावर आली आणि पहिल्यासारखी खळ लावू लागली. आम्ही दोन शब्द बोललो, तिने मान हलवली. त्या दिवसांत कोणाच्या ना कोणाच्या घरी माणूस जातच होते, त्यामुळे जास्त कोणी विचारले नाही.

ते वर्ष आठवून पाहा. जयंतीच्याच रात्री, १४ एप्रिलला, राज्यात कडक निर्बंध लागू झाले. लोकल सर्वसामान्यांना बंद. औषधांची खोकी लागतात म्हणून आमचा गाळा चालू राहिला. मालकाने एक टेम्पो ठरवला होता. तो सकाळी कल्याणहून निघायचा, डोंबिवली, ठाणे, मुलुंड करत भांडुपला यायचा. मागे बसून कंबरडे मोडायचे, पण सगळ्या वेळेवर पोचायच्या. वहिनी टिटवाळ्याहून शेअर रिक्षाने कल्याणला येऊन टेम्पो पकडायची. तोवर तिचा एकही खाडा नव्हता, ही गोष्ट आम्ही पुढे साफ विसरलो.

१५ ऑगस्टपासून लोकल उघडली, पण ज्यांचे लशीचे दोन डोस झाले आणि दुसऱ्या डोसाला १४ दिवस उलटले त्यांनाच. स्टेशनावर प्रमाणपत्र दाखवायचे, ते तपासून शिक्का मारून मिळायचा, मग महिन्याचा पास. आमच्यातल्या पंचेचाळीसच्या वरच्यांचे डोस आधीच झाले होते, तरुण पोरींचे ऑक्टोबरपर्यंत झाले. लोकलच्या दारात उभे राहिल्यावर तोंडावर वारा लागला, तेव्हा किती बरे वाटले म्हणून सांगू! ऑक्टोबरमध्ये मालकाने टेम्पो बंद केला. सगळ्यांचे पास झाले, आता टेम्पो कशाला, असे तो म्हणाला. सगळ्यांचे झाले नव्हते. वहिनीने एकही डोस घेतला नव्हता.

मग खाडे सुरू झाले. टिटवाळा ते कल्याण रिक्षा, कल्याण ते ठाणे एसटी, ठाण्याहून पुन्हा बस. लोकलच्या महिन्याच्या पासाचे पैसे तिचे दोन-अडीच दिवसांत उडायचे. दोन दिवस यायची, तिसऱ्या दिवशी नाही. आली तर दहा वाजता. त्यात नोव्हेंबरमध्ये एसटीचा संप भडकला. तो पुढे एप्रिल २०२२ पर्यंत चालला, हे आपल्यातल्या अनेकांना ठाऊक आहे. कित्येकांची माणसे त्या संपात होती. एसटी बंद, लोकल बंद. त्या महिन्यात वहिनीचे अकरा खाडे झाले.

आणि त्या अकरातले सगळे काही तिचे नव्हते. थंडी पडली तसा तिला खोकला झाला. सुपरवायझरने दारातूनच परत पाठवले, “डोस नाही, वर खोकताय, सात दिवस घरी बसा.” बसली. त्या दिवसांचा पगार नाही. रजा दिली त्याने, मस्टरवर फुल्या पडल्या तिच्या नावावर.

आता आमचे सांगते. ती नसली की सुपरवायझर यायचा आणि म्हणायचा, “काय करणार, तुमची वहिनी नाही आली, तासभर थांबावं लागेल.” साडेपाचला सुटणाऱ्या आम्ही साडेसहाला सुटायचो. त्या तासाचे पैसे नाहीत. तासभर उशीर म्हणजे गर्दीची गाडी, घरी पोरे उपाशी, पीठ मळायला रात्रीचे आठ. राग यायचा. आणि राग कोणावर काढायचा, हे तो सुपरवायझर रोज सांगूनच जात होता.

मुलुंडहून येणारी एक तरुण सून आमच्यात आहे. तिची सासू डायलिसिसवर. आठवड्यातून दोनदा सुया, आणि अंगात प्रतिकाराची ताकद नाही. ती म्हणायची, “मी डोस घेतला, नवऱ्याने घेतला, सासूला तर पहिल्यांदा दिला. आणि ह्या माझ्या शेजारी बसून खोकणार? माझ्या सासूला काही झालं तर भरून देणार का?” तिचे चुकत होते असे मी आजही म्हणणार नाही. भीती खरी होती. डब्याच्या वेळी ती वहिनीपासून लांब बसू लागली. मग आणखी एक. मग वहिनी स्वतःच खोक्यांच्या थप्पीमागे जाऊन बसू लागली.

एका दुपारी पाणी प्यायला माठाजवळ गेले तर वहिनीच्या स्टीलच्या ग्लासाच्या बुडाला लाल नेलपॉलिशचा ठिपका दिसला. दुसरीने चुकून उचलू नये म्हणून खूण केली होती. मी तो ग्लास हातात घेऊन उभी राहिले. माझी आई गावाकडच्या विहिरीची गोष्ट सांगायची. ओंजळ पुढे करून तासन् तास उभे राहायचे, मग कोणाला दया आली तर वरून पाणी पडायचे. त्या आईची लेक मी. ठिपका लावणारा हात माझा नव्हता. पण मी ग्लास होता तसा ठेवला, पाणी प्याले आणि टेबलावर परत आले. मनाशी म्हटले, हे जातीचे थोडेच आहे, हे रोगाचे आहे. खरेही होते ते. तरी त्या रात्री जेवण गेले नाही.

एवढे होऊनही दोन दिवसांनी मीच ते वाक्य बोलले. बारावा-तेरावा जादा तास असेल. धाकट्याची परीक्षा होती, तो एकटा घरी होता. दुसऱ्या दिवशी वहिनी दहाला आली. घाम पुसत टेबलाशी उभी राहिली, तशी मी सगळ्यांच्या देखत म्हणाले, “वहिनी, एक सुई टोचून घ्यायला काय मरण येतं का तुम्हाला?”

ती माझ्याकडे बघत राहिली. नंतर खळीचा डबा ओढला आणि कामाला लागली. दिवसभर एक शब्द नाही. दुपारी डबा उघडलाच नाही.

पुढे काय झाले ते योगायोगाने. करोनाने गेलेल्यांच्या वारसांना ५० हजार रुपये द्यावेत असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२१ मध्ये दिला होता. त्याचे अर्ज ऑनलाइन भरायचे होते. माझा थोरला मुलगा वस्तीत लोकांचे असले अर्ज भरून देतो. कल्याणहून येणाऱ्या आमच्या ताईने वहिनीला ते सांगितले, आणि एका रविवारी वहिनी प्लास्टिकच्या पिशवीत कागद घेऊन आमच्या दारात उभी राहिली. माझ्याकडे यायला तिला काय वाटले असेल! पण ५० हजार म्हणजे तिच्या सहा महिन्यांचे भाडे आणि मुलीची फी होती.

मुलाने कागद तारखेप्रमाणे लावले. आधार, मृत्यूचा दाखला, आरटीपीसीआरचा रिपोर्ट, दवाखान्याचे कागद. त्यात एक लशीचे प्रमाणपत्र निघाले. पहिला डोस, एप्रिलचा दुसरा आठवडा. त्या महिन्याच्या १ तारखेपासून पंचेचाळीसच्या वरच्या सगळ्यांना लस खुली झाली होती, आणि तिचा नवरा सत्तेचाळीसचा होता. डोस घेतला, तिसऱ्या दिवशी ताप आला. लशीने ताप येतोच, असे सगळे म्हणाले. तापाची गोळी घेऊन तो घरी पडून राहिला. सहाव्या दिवशी धाप लागली. खाट मिळेपर्यंत आणखी एक दिवस गेला.

वहिनीने त्या प्रमाणपत्राकडे बोट दाखवले. “ह्या सुईनं नेलं त्यांना. चालत गेले होते दवाखान्यात.”

मी स्वयंपाकघरात गेले. चहा टाकायचे निमित्त होते. तिला मी सगळ्यांच्या देखत काय विचारले होते, ते मला तिथे ओट्याशी आठवले. बाहेर येऊन मी तिची माफी मागितली. ती म्हणाली, “तुम्हाला कुठं माहीत होतं.” माहीत नव्हते, हे खरेच. पण सात महिने शेजारी बसून मी विचारलेही नव्हते.

सुईची भीती आपल्याकडे आजची नाही. माझ्या आजीने माझ्या वडिलांना देवी टोचणारा आला की कणगीमागे लपवले होते. शेवटी चावडीवर धरून नेऊन टोचले. त्याचा वण वडिलांच्या दंडावर शेवटपर्यंत होता. त्याच टोचण्यामुळे १९७५ नंतर या देशात देवीचा रोगी सापडला नाही. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला तेव्हा हाफकिन नावाच्या शास्त्रज्ञाने ग्रँट मेडिकल कॉलेजात लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ ला आधी स्वतःला टोचून घेतली. परळची हाफकिन संस्था त्याच्याच नावाची. त्याच लशीची एक बाटली दूषित निघाली आणि १९०२ मध्ये पंजाबातल्या मलकोवाल गावात १९ माणसे धनुर्वाताने दगावली, हेही घडलेले आहे. दोष लशीचा नव्हता, हे सिद्ध व्हायला पुढे काही वर्षे लागली. तेव्हा सुईला भिणारा माणूस म्हणजे अडाणी, असे म्हणून मोकळे होता येत नाही. आमच्याच लशीचे बघा. फार क्वचित एखाद्याला तिच्याने रक्ताच्या गुठळ्यांचा त्रास होऊ शकतो, हे मूळ कंपनीने इंग्लंडच्या कोर्टात मान्य केल्याची बातमी २०२४ मध्ये आलीच. कोट्यवधी माणसे त्या लशीने वाचली, हेही तितकेच खरे आहे. दोन्ही गोष्टी सांगाव्यात. एकच सांगितली की ऐकणाऱ्याला शंका येते.

वहिनीशी आम्ही वाद घातला नाही. मुलगा फक्त एवढे म्हणाला, की काकू, आमच्या वस्तीतल्या पालिकेच्या दवाखान्यात एक डॉक्टरबाई आहेत, त्यांना हे कागद दाखवू. तेव्हा ‘हर घर दस्तक’ मोहीम चालू होती, आशाताई दारोदार फिरत होत्या. पुढच्या खाड्याच्या दिवशी आम्ही गेलो. म्हणजे माझाही एक खाडा पडला.

डॉक्टरबाईंनी कागद वाचले. मग त्यांनी असा प्रश्न विचारला जो आम्हा कोणाला सुचला नव्हता. “ह्यांच्या आधी घरात कुणी आजारी होतं का?”

वहिनी गप्प. बराच वेळ गप्प. मग म्हणाली, “थोरल्याला सर्दी होती. त्याला वास येत नव्हता कशाचा.”

“कधी?”

“ह्यांनी सुई घेतली त्याच्या दोन दिवस आधी.”

डॉक्टरबाईंनी समजावून सांगितले. लस घेतल्या-घेतल्या अंगात ताकद येत नाही, दोन-तीन आठवडे लागतात. लशीचा ताप बहुधा पहिल्या एक-दोन दिवसांत येतो आणि उतरतो. तिसऱ्या दिवसानंतर चढलेला ताप, खोकला, धाप, वास जाणे ही लशीची लक्षणे नव्हेत. अशा वेळी गोळी घेऊन पडून राहायचे नाही, तपासणी करायची. नवऱ्याने सुई घेतली तेव्हा रोग आधीच घरात शिरला होता. सुई घेतली नसती तरी ताप त्याच दिवशी आला असता. फक्त कदाचित तो लशीचा म्हणून कोणी अंगावर काढला नसता.

हे ऐकताना मी वहिनीच्या तोंडाकडे बघत होते. तिला यातले काही नवीन नव्हते. तिने ते कधीच जुळवले होते. थोरला एकवीस वर्षांचा, सामान पोचवायचे काम करायचा, दिवसाला चाळीस दारे. सुईने मारले असे म्हटले की पोराने आणले असे म्हणावे लागत नव्हते. म्हणून सात महिने ती बाई सुईला धरून बसली होती. आम्ही तिला हट्टी म्हणत होतो.

डॉक्टरबाईंना ते कळले असावे. त्या म्हणाल्या, “पोरालाही कुणीतरी दिलाच ना? तो कामावर जात होता. घरात बसून त्यानं खायचं काय?” आणि पुढचा रोगी बोलावला. सरकारी दवाखान्यात याहून जास्त वेळ मिळत नाही.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात वहिनीने डोस घेतला. थोरला बरोबर होता, त्याचाही पहिलाच.

इथे गोष्ट संपायला हवी होती. पण लोकलच्या नियमाचा हिशेब करून बघा. पहिल्या डोसानंतर ८४ दिवसांनी दुसरा, त्यानंतर १४ दिवस, मग पास. म्हणजे ९८ दिवस. आज हो म्हटले तरी गाडीत चढायला मार्च उजाडणार. टेबलावर कोणाला हे लक्षात आले नव्हते. वहिनीने डोस घेतला म्हणून मुलुंडची खूश झाली होती. पुढच्या आठवड्यात पुन्हा दोन खाडे पडले तशी ती उसळली, “आता काय कारण?” कल्याणच्या ताईने तारखा कागदावर मांडून दाखवल्या तेव्हा ती गप्प बसली.

त्याच कागदाच्या मागच्या बाजूला मी दुसरा हिशेब मांडला. नोव्हेंबरचे अकरा खाडे. रोजचे आठ तास धरले तर ८८ तासांचे काम. आम्ही सात जणी, अकरा दिवस, रोज एक तास जादा, म्हणजे ७७ तास. वहिनीचा अकरा दिवसांचा पगार मालकाने दिला नाही, आणि तिचे जवळजवळ सगळे काम आमच्याकडून फुकटात करून घेतले. त्याचे काहीच अडले नव्हते. आठवड्याला ४८ तासांच्या वर काम घेतले तर दुप्पट दराने पैसे, असे तेव्हाच्या फॅक्टरी कायद्यात होते. २०२५ च्या नोव्हेंबरपासून कायदे बदलून श्रमसंहिता आल्या, पण जादा कामाला दुप्पट दर ही तरतूद त्यातही आहे. आम्ही भांडत होतो एकमेकींशी, आणि भांडणाचा विषय रोज साडेपाचला येऊन सांगणारा माणूस पगारी होता.

खोकल्यासाठी सात दिवस घरी बसवले, त्याचेही तसेच. आमच्या पगारातून ईएसआयचे पैसे कापले जातात, शंभराला पाऊण रुपया. आजारपणात ईएसआयच्या डॉक्टरचा दाखला असेल, आणि आधीच्या सहामाहीत ७८ दिवसांची वर्गणी भरलेली असेल, तर वर्षाला ९१ दिवसांपर्यंत पगाराच्या सत्तर टक्के मिळतात. पहिले दोन दिवस धरत नाहीत. ही योजना आभाळातून पडलेली नाही. बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री होते तेव्हा, १९४३ मध्ये, कामगारांच्या आरोग्य विम्याचा अहवाल तयार करण्याचे काम प्रा. अडारकरांकडे सोपवले गेले आणि त्याच पायावर १९४८ चा कायदा उभा राहिला. आमच्या टेबलावर आठ जणींकडे विमा क्रमांक होता. दाखला आणायचा असतो हे एकीलाही माहीत नव्हते. मीसुद्धा, इतकी वर्षे या पानावर लिहिणारी.

आम्ही सात जणी सुपरवायझरकडे गेलो. आठवी त्या दिवशी खाड्यावर होती. म्हटले, एक तर बदली बाई द्या, नाही तर जादा तासाचे पैसे द्या. मालकाने दोन्ही दिले नाही. तडजोड झाली ती अशी, की वहिनीला न येण्याच्या दिवशी घरी चिकटवायला गठ्ठे मिळतील, नगावर पैसे. पैसे थोडेच होते. कल्याणची ताई संध्याकाळी पुठ्ठ्याचा गठ्ठा लोकलने न्यायची, वहिनीचा मुलगा कल्याणला येऊन तो घ्यायचा, सकाळी तयार खोकी परत. लेडीज डब्यात त्या गठ्ठ्यावरून ताईची रोज भांडणे व्हायची, ती गोष्ट वेगळी लिहीन कधीतरी.

जानेवारी २०२२ मध्ये ओमिक्रॉनची लाट आली. ७ तारखेला एकट्या मुंबईत एका दिवसात २० हजारांवर रुग्ण निघाले. आमच्या टेबलावर आठवड्याच्या आत पाच जणी तापाने आडव्या झाल्या. पाचही जणींचे दोन-दोन डोस झालेले. त्यात मी होते, मुलुंडची होती. डोस घेतला की रोग होतच नाही, अशी आमची समजूत होती, ती त्या आठवड्यात मोडली. पण पाचांपैकी एकीलाही ऑक्सिजन लागला नाही. चार दिवसांचा ताप, अंगदुखी, उठलो. आदल्या एप्रिलमधली माणसे आठवली की फरक कळतो. मुलुंडचीची सासू मात्र दहा दिवस रुग्णालयात होती. रोग घरात सूनच घेऊन गेली होती, लोकलमधून की आमच्याच टेबलावरून कोण जाणे. म्हातारी वाचली.

टेबलावर तीन जणी उरल्या तेव्हा मालकाचा टेम्पो परत आला. ऑक्टोबरपासून परवडत नव्हता तो. पुढच्या सोमवारी सकाळी कल्याणला उभा होता. वहिनी एका डोसावर त्यात बसून रोज आली. त्या पंधरवड्यात तिचा एकही खाडा नाही. मी बरी होऊन कामावर गेले तेव्हा माझ्या जागेवर माझ्या वाटचे गठ्ठे बांधून ठेवलेले होते. त्या तीन जणींना रोज दोन तास जास्त थांबवले होते. त्याचे पैसे या वेळी मागून घेतले. दुपटीने नाही, साध्या दराने. तेवढेच.

मार्चच्या मध्यावर वहिनीचा पास झाला. २ एप्रिलपासून राज्यातले निर्बंधच उठले. म्हणजे ज्या शिक्क्यापायी एवढे महाभारत झाले तो तिला दोन-अडीच आठवडे उपयोगी पडला. २ मेला सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की कोणालाही लस घेण्याची सक्ती करता येत नाही. माणसाच्या शरीरावर त्याचा हक्क आहे, आणि सार्वजनिक हितासाठी घातलेली बंधने त्या वेळच्या धोक्याच्या प्रमाणात हवीत. ती बातमी मी डब्याच्या वेळी वाचून दाखवली. मला स्वतःला वाटते, लस घ्यायलाच हवी होती, आणि तिने ती आणखी आधी घेतली असती तर बरे झाले असते. पण टेम्पो बंद करून, खोक्यांच्या थप्पीमागे बसवून तिला ती घ्यायला लावणार होतो का आम्ही? आमच्या त्या सगळ्या बोलण्याने तिने डोस घेतलाच नव्हता. मुलुंडची म्हणाली, “कोर्टाला डायलिसिसवरची सासू नाही.” कोणी काही उत्तर दिले नाही.

त्या दोघी आता बोलतात, पण कामापुरते. भाजी देणे-घेणे अजून सुरू झालेले नाही. ५० हजार आले; त्याला बरेच महिने लागले. थोरला पोरगा आता एका गोदामात आहे.

ग्लासाचे राहिलेच. वहिनी पास काढून पहिल्यांदा लोकलने आली त्या दिवशी मी छपाईच्या मशीनवरचे थिनर चिंधीवर घेतले आणि माठाजवळ जाऊन तिचा ग्लास उलटा धरला. ती मागून आली. मी काय करते आहे ते तिने पाहिले, आणि ग्लास माझ्या हातातून काढून घेतला.

“राहू द्या,” ती म्हणाली. “आठ ग्लासांत माझा मला लगेच सापडतो.”